एकदम उंची सफारी

मला हिंदी उत्तम येतं, हे आधीच सांगून ठेवतो.

निदान मी तरी बरीच वर्षं असंच समजत होतो. आर्वीला शाळेत मला हिंदीत पास होण्यापुरते मार्क न चुकता मिळायचे. त्या भरवशावर मी नोकरीसाठी रायपूरला आलो, सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्नच्या कारखान्यात डिस्पॅचला लागलो आणि रायपूरच्याच एका मराठी मुलीशी लग्नही केलं. वंदना रेल्वे कॉलनीत वाढलेली. खुशीत असली की मराठी बोलते, चिडली की हिंदी आणि फारच चिडली की छत्तीसगढी. (त्यामुळे लग्नानंतर माझी छत्तीसगढी झपाट्याने सुधारली.) माझी हिंदी ऐकली की ती तोंडाला पदर लावायची. मला वाटायचं, लाजते!

आता सिलतरा. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना एवढंच सांगतो, की बस भनपुरीच्या पुढे गेली की धुळीच्या धाकानं लोक खिडक्या लावून घेतात आणि तरी उतरताना सगळे एकाच आईची लेकरं दिसतात. सकाळी पांढरा शर्ट घालून जा, जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो राखाडी होतो आणि संध्याकाळी आपण सकाळी कोणता घातला होता ते आपल्यालाच आठवत नाही. सात वर्षांत मी पांढरा शर्ट विकत घेतला नव्हता. माझे कपडे भिजवायची बादलीसुद्धा घरात वेगळी होती. तिचं नाव ‘डिस्पॅचची बादली’.

अशात छत्तीसगढ वेगळं राज्य झालं आणि रायपूर त्याची राजधानी. रात्री झोपलो तेव्हा जिल्ह्याच्या गावात होतो, सकाळी उठलो तो राजधानीत! घर तेच, नळाला पाणी तेवढंच, पण माणसांचे कपडे बदलले. भोपाळहून बंद गळ्याचे कोट घातलेले साहेब लोक आले. लुंगी गुंडाळून दूध आणायला जाणारे आमचे शेजारी पँट घालून दूध आणू लागले. न जाणो, दुधाच्या दुकानात एखादा सचिव भेटायचा!

आमच्या कंपनीनेही लगोलग शंकर नगरात ऑफिस घेतलं. सिलतऱ्याहून तिथे एकच माणूस जाणार होता. जी. एम. साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, “काम तो सब कर लेते हैं. वहाँ बंदा ऐसा चाहिए जो दिखे.”

मला पगारवाढ नको होती, फिरती खुर्चीही नको होती. (मिळाली असती तर फिरलो असतो, ते वेगळं.) मला फक्त एकच हवं होतं. सकाळी पांढरा शर्ट घालून निघावं आणि संध्याकाळी घरी यावं तेव्हा तो पांढराच असावा. एवढ्यासाठी मी त्या खुर्चीवर डोळा ठेवला.

त्याच आठवड्यात पेपरच्या पुरवणीत एक लेख आला होता, की आपले कपडे असे हवेत की आतला आत्मविश्वास बाहेर दिसला पाहिजे. मी तो वंदनाला मोठ्याने वाचून दाखवला.

“बरोबर आहे,” ती म्हणाली. “पण अंदर असला त बाहेर दिसन ना! तुमच्या अंदर त सिलतऱ्याची धूळ आहे.”

खरं सांगायचं तर कपड्यांतून आतला माणूस दिसणं म्हणजे काय, हे कळायला मला पेपर वाचायची गरज नव्हती. ते उदाहरण आमच्या घरातच होतं. ते म्हणजे मामाजी, माझे सासरे. (आमच्या विदर्भात सासऱ्याला मामाजीच म्हणतात. आणि ते आमच्याकडे राहत नसत, आम्ही त्यांच्याकडे राहत होतो. पण घरजावई म्हणू नका. किराणा मी आणायचो.)

मामाजी मालगाडीचे रिटायर्ड गार्ड. जन्मभर कोळशाच्या वाघिणींमागे डुलत गेले, पण घरी येताना पांढरा युनिफॉर्म पांढराच. रिटायर झाल्यावर त्यांच्याजवळ मोजून चार शर्ट होते, पण चारही असे की भाजीवाल्या बाया त्यांना पाहून आधी पदर नीट करायच्या आणि मग भाव सांगायच्या. बटणं ते खालून वर लावत. वरून खाली लावली की शेवटी एक उरतं, असं त्यांचं मत. घराबाहेर पडताना उंबऱ्यात थांबून आधी डावीकडे, मग उजवीकडे पाहत आणि दोन्हीकडून सिग्नल मिळाल्यासारखे निघत. मी पुष्कळदा खिडकीतून नुसता पाहत राहायचो. माणूस कोथिंबीर आणायला चालला आहे, हे सांगूनही कोणाला खरं वाटलं नसतं.

एकदा मी धीर करून विचारलं, “मामाजी, गाडी कोळशाची आणि शर्ट पांढरा, हे तुम्ही जमवलं कसं?”

“काही नाही, जवाईबापू. कुठीच टेकाचं नाही. माणूस टेकला का मळला.”

त्या मामाजींना माझ्या शंकर नगरचं कळलं तेव्हा ते उठले आणि त्यांनी पेटीतून दोन सूटपीस काढून माझ्यासमोर ठेवले. त्यांच्या रिटायरमेंटला दोन निरोपसमारंभ झाले होते आणि दोन्ही मंडळींनी एकाच दुकानातून, एकाच फिक्या बदामी रंगाचं कापड दिलं होतं. चांगल्या कामासाठी म्हणून त्यांनी ते सात वर्षं डांबराच्या गोळ्या घालून जपलं होतं.

“एक तुमी शिवा, एक मी शिवतो. ऑफिसच्या उद्घाटनाले संगच जाऊ,” ते म्हणाले.

मी वाकून त्यांच्या पाया पडलो. पण नेमकं तेव्हा त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. डोळ्यावर हिरवी पट्टी आणि डॉक्टरांचा हुकूम, की धुळीत जायचं नाही. म्हणून आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, मास्टरकडे मापाचे जुने कपडे घेऊन मी एकटाच गेलो. वंदना म्हणाली होती, “मी येऊ का?” मी म्हटलं, “शिंप्याशी बोलायला दुभाषी कशाला पाहिजे?”

मास्टर सज्जन माणूस. टेप गळ्यात, खडू कानावर. मी त्यांच्यापुढे कापड ठेवलं आणि ठरवलं, की मोघम बोलायचं नाही. आपल्याला उंची कपडे हवेत, तर उंचीच म्हणायचं. उंची अत्तर, उंची वस्त्रं, असं आपण म्हणतोच की!

“मास्टर, दो सफारी. लेकिन ऐसीवैसी नही. एकदम ऊँची होना.”

मास्टरनी कानावरचा खडू काढला. “ऊँची?”

“हव! ऊँची.”

“पैंट ऊँची कि बुशर्ट ऊँची?”

“दोनों ऊँची! एक ऊँची और एक नीची, ऐसा कैसा चलेगा?”

त्यांनी मापाची जुनी पँट उलगडली. “माप तो ये है. इससे भी ऊँची?”

“इससे तो कितनी भी ऊँची चलेगी! ये तो घर में पहनने की है.”

“कितनी ऊँची, भैया?”

“जितनी ऊँची आप कर सकते, उतनी!”

मास्टरनी दाराबाहेर कोणी ऐकत नाही ना, ते पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, “आजकल साहब लोग ऐसी पहन रहे हैं क्या?”

“भोपाल से जो आए न, सब ऊँची ही पहनते!”

“मोजे दिखेंगे, भैया.”

मला वाटलं, चांगल्या सफारीखाली मोजेही चांगले हवेत, असं सुचवून राहिले आहेत. काय बारीक नजर! मी म्हणालो, “तो मोजे भी ऊँची ले लेंगे!”

“कपडा बहुत बचेगा.”

“बचना ही चाहिए! इसी को तो कारागिरी बोलते.”

ह्यावर ते जरा सुखावले. “और बाबूजी की?”

“उनकी मेरे से भी ऊँची!” मी ठासून सांगितलं. “ससुर है मेरे!”

कपडे उद्घाटनाच्या दिवशी सकाळी नऊ वाजता आले. उद्घाटन अकराला. सोबत उरलेल्या कापडाचं एक गाठोडं होतं आणि ते सफारीच्या गाठोड्यापेक्षा मोठं होतं.

“एवढं कापड काहून वाचलं?” वंदनानं विचारलं.

“कारागिरी,” मी म्हणालो आणि आत कपडे घालायला गेलो.

पँट चढवली. पायात घातली, वर ओढली, आणि खाली पाहिलं तर पँट घोट्याच्या चार बोटं वरच संपली होती! मला वाटलं, उलटी घातली. काढून पुन्हा घातली. मग बुशर्ट घातला. तो पट्ट्यापाशी येऊन थबकला. हात खाली होते तोवर ठीक होतं. आरशात पाहून केस विंचरायला हात वर केले, आणि आरशात माझं पोट माझ्याकडे पाहायला लागलं.

मी बाहेर आलो. वंदनाच्या हातात पूजेचं ताट होतं. ते तिनं आधी नीट खाली ठेवलं आणि मग जी हसत सुटली, की खालीच बसली.

“तुम्ही मास्टरले सांगतलं तरी काय?”

“उंची शिवा म्हटलं. उंची म्हणजे... भारी, किमती!”

“अहो! हिंदीत ऊँची पैंट म्हणजे आखूड! पोट्टा वाढला का त्याची आई म्हणते ना, ‘पैंट ऊँची हो गई’! सात वर्षं झाली तुम्हाले इथं!” मग एकाएकी तिचं हसू थांबलं. “बाबूजीचीही?”

मी मान खाली घातली. “त्यांची माझ्यापेक्षाही.”

ह्यानंतर ती छत्तीसगढीत जे बोलली ते इथे लिहिता येत नाही. मग सुई घेऊन बसली, की दुमडलेली पट्टी उसवून थोडं तरी लांब करावं. पण मास्टर सच्चा कारागीर. त्यानं दुमडायलासुद्धा काही ठेवलं नव्हतं! दुसरे कपडे घालावे, तर ते सगळे डिस्पॅचच्या बादलीतले. लग्नाच्या सूटचं बटण आणि काज ह्यांची तर केव्हाच फारकत झालेली.

तेवढ्यात मामाजींच्या खोलीचं दार उघडलं.

त्यांची पँट नडगीच्या मधोमधच विरक्त झाली होती. डोळ्यावरची पट्टी दोनच दिवसांपूर्वी निघालेली, आणि नव्या डोळ्यानं माणसानं स्वतःला आरशात पहिल्यांदा नीट पाहिलं ते हे असं! सात वर्षं जपलेलं कापड होतं ते. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

“मामाजी, माझी चूक झाली. मी उंची म्हटलं आणि त्यानं...”

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मिशी किंचित हलली. “हव. तुमी ऊँची म्हणलं, त्यानं ऊँची केली. त्याच्या कामात खोट नाही.” पुन्हा एकदा त्यांनी आरशात पाहिलं, वरून खालपर्यंत, सावकाश. मग म्हणाले, “वंदे, माहे ड्यूटीचे पांढरे मोजे काढ. लंबेवाले.”

“बाबूजी, तुम्ही हे घालून जाऊन राहिले?”

“मोजे दिसणारच आहेत, त नीट दिसू दे.”

एवढं बोलून ते बूट घेऊन बसले. पॉलिश असं केलं की बुटात छताचा पंखा दिसायला लागला. मोजे गुडघ्यापर्यंत ओढले, एक सुरकुती राहू दिली नाही. रुमालाची घडी खिशात घातली. बटणं खालून वर लावली. उंबऱ्यात थांबले, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि निघाले. खोटं सांगत नाही, त्या क्षणी मला लांब पँट घालणाऱ्या जगातल्या समस्त माणसांची कीव आली.

मला मात्र ते जमलं नाही. ऑटोत मी हिशोब केला, की पँट कमरेवरून खाली ओढली तर पाय झाकतील. झाकलेही. पण मग बुशर्ट आणि पँट ह्यांच्यामध्ये चार बोटं पोट उघडं! पँट वर घेतली की नडग्या दिसायच्या, खाली घेतली की बेंबी. शंकर नगर येईपर्यंत माझं हेच वर-खाली चाललं होतं. शेवटी ऑटोवाला म्हणाला, “भैया, तबीयत ठीक है न?”

ऑफिसच्या गेटवर गाड्यांची रांग होती, म्हणून आम्ही कोपऱ्यावरच उतरलो. आत सगळे कोलकात्याच्या डायरेक्टर साहेबांची वाट पाहत होते. गंमत म्हणजे त्यांना आजवर कोणी पाहिलेलं नव्हतं. मामाजी पुढे, मी आणि वंदना मागे. गेटात शिरताना मामाजी सवयीनं थांबले, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. आणि जी. एम. साहेब हार घेऊन धावत आले!

“आइए सर, आइए सर!” हार थेट मामाजींच्या गळ्यात. टाळ्या!

दुसरा कोणी असता तर गडबडला असता. (मी असतो तर हार घालूनच पळालो असतो.) मामाजींनी शांतपणे हार काढला, घडी घातल्यासारखा साहेबांच्या हातात परत दिला आणि म्हणाले, “साहब, मैं तो पायलट इंजन हूँ. गाडी पीछे आ रही है.”

आणि खरोखरच मागून डायरेक्टर साहेबांची गाडी आली.

मी एव्हाना लपायला जागा शोधत होतो. पोट झाकायला वंदनानं घरून आणलेलं पूजेचं ताट पुढे धरलं, तर पाठ उघडी. म्हणून भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. चांगली गार गार भिंत. जरा बरं वाटलं.

डायरेक्टर साहेब उतरले. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि मामाजींवर येऊन ती थांबली. मग सावकाश खाली उतरली आणि मोज्यांवर स्थिरावली. गेली माझी खुर्ची, मी मनात म्हटलं.

“ये...” साहेबांनी बोट दाखवलं, “राजधानी का नया फैशन है?”

मामाजी सरळ उभे होते. घाई नाही, ओशाळेपणा नाही. “नही जी. मेरे दामाद ने सिलवाई है. उनकी पसंद बहुत ऊँची है.”

मी काय ऐकलं ते कळायला मला एक क्षण लागला. सगळ्या रायपुरात जो शब्द मला कोणी माफ केला नसता, तो त्यांनी माझ्याच अर्थानं चार लोकांत उचलून धरला होता! माझे डोळे भरून आले. पण रडायला वेळच मिळाला नाही.

“अच्छा? कौन हैं दामाद?”

“वानखेडे! सामने आओ भाई!” जी. एम. साहेब ओरडले.

मी भिंतीपासून निघालो. म्हणजे निघायला लागलो. चर्र असा आवाज झाला आणि मागे कोणी तरी म्हणालं, “अरे, पेंट तो गीला था!” बुशर्टची अख्खी पाठ पांढरी झाली होती. सात वर्षांनी माझ्या अंगावर पांढरा रंग आला तो असा! त्या धक्क्यात मी ताट वंदनाकडे दिलं आणि दोन्ही हात जोडून साहेबांना नमस्कार केला. हात वर, बुशर्ट वर, पँट खाली. पुढचं सांगत नाही. वंदनानं ताट आडवं धरलं म्हणून घराण्याची अब्रू वाचली.

पूजा झाली, पेढे वाटले. निघताना जी. एम. साहेब हसत हसत माझ्याच दिशेने आले. “वानखेडे, बंदा मिल गया!” मी दोन्ही हात पुढे केले. साहेब माझ्या बाजूने पुढे निघून गेले आणि त्यांनी मामाजींचा हात धरला.

“बाबूजी, आप आ जाइए यहाँ. हमारा आधा काम तो रेलवे से पडता है. और आप दिखते भी हैं!”

मामाजींचा चेहरा त्या दिवसात पहिल्यांदा बदलला. “नही साहब. ये कुर्सी मेरे दामाद की है.”

“वानखेडे के बिना डिस्पॅच कैसे चलेगा?” साहेब म्हणाले. (सात वर्षांत माझं हे पहिलं कौतुक.)

मामाजी माझ्याकडे पाहत होते. मला राग यायला हवा होता. आला नाही. मी नडग्या लपवायला ऑटोत अर्धा झालो होतो आणि हा माणूस माझ्यापेक्षा आखूड पँटीत, माझी चूक अंगावर घालून, त्यातही माझं नाव वर काढून उभा होता. खुर्ची कोणाची, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

“बसा, मामाजी,” मी म्हणालो. “फक्त टेकू नका.”

ते हसले. एवढं मोकळं हसताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं.

आता मामाजी रोज शंकर नगरला जातात. पांढरा शर्ट घालून जातात आणि संध्याकाळी पांढराच घेऊन येतात. दर सोमवारी मात्र ती बदामी सफारी आणि लांब मोजे. आमच्या पाऱ्यातले दोन रिटायर्ड लोक मास्टरकडे जाऊन ‘गार्डसाब जैसी’ शिवून आले, असं ऐकतो.

आणि मी सिलतऱ्यालाच आहे. उरलेल्या कापडातून वंदनानं माझ्या डब्यासाठी पिशवी शिवली. भनपुरीच्या पुढे बसच्या खिडक्या बंद झाल्या, की मी ती मांडीवर सांभाळून धरतो. पिशवी अगदी मापात झाली आहे, ना आखूड ना लांब. शिवताना वंदनानं मला एक शब्द बोलू दिला नव्हता.